तोलेदो पाहायचं तर एक रात्र राहून: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

माद्रिदला आलेले बहुतेक प्रवासी तोलेदो अर्ध्या दिवसात उरकतात. सकाळी उशिरा बस पायथ्याशी सोडते, गाइड छत्री उंच धरून पुढे निघतो. मग कॅथेड्रल, एक प्रसिद्ध चित्र, तलवारींचं दुकान, आणि चार वाजता परतीची बस. यात फोटो भरपूर मिळतात, पण मशीद, सिनेगॉग आणि कॅथेड्रल एकाच टेकडीवर कशी आली याचा पत्ता लागत नाही. म्हणून माझा सल्ला असा की इथे एक रात्र राहा आणि इमारती साधारण ज्या क्रमाने उभ्या राहिल्या त्या क्रमाने पाहा: आधी मशीद, मग ज्यू वस्ती, शेवटी कॅथेड्रल. गर्दी टाळायलाही नेमका हाच क्रम सोयीचा पडतो.

निघण्यापूर्वी चार सन लक्षात ठेवा

इतिहासाचं पुस्तक वाचत बसायची गरज नाही. ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेली ही टेकडी ६व्या शतकात व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळीच्या राजांची राजधानी झाली. ५८९ मध्ये इथल्या धर्मपरिषदेत राजा रेकारेदोने एरियन नावाचा ख्रिस्ती पंथ सोडून कॅथलिक पंथ स्वीकारल्यावर शिक्कामोर्तब झालं. स्पेनच्या चर्चमध्ये तोलेदोच्या आर्चबिशपचा मान आजही सगळ्यांत मोठा आहे, त्याची मुळं इतकी जुनी आहेत. ७११ मध्ये मुस्लिम फौजा आल्या. १०८५ मध्ये कॅस्टिल या ख्रिस्ती राज्याचा राजा सहावा अल्फोन्सो याने शहर घेतलं. आणि १४९२ मध्ये राणी इसाबेल आणि राजा फेर्नांदो यांच्या फर्मानाने ज्यूंना बाप्तिस्मा किंवा देशत्याग यांतलं एक निवडावं लागलं.

माहितीपत्रकांत याला 'तीन संस्कृतींचं शहर' म्हणतात आणि सगळे जणू सतत गुण्यागोविंदाने नांदत होते असं चित्र रंगवतात. शेजार खरा होता, देवघेवही खरी होती. पण १३९१ मध्ये कॅस्टिलभर ज्यूंच्या कत्तली झाल्या तेव्हा तोलेदोची ज्यू वस्तीही सुटली नाही. दोन्ही गोष्टी माहीत असल्या की समोरच्या भिंती जास्त बोलतात.

वार नीट निवडा

इथे नवखे लोक हमखास अडकतात. एल त्रान्सितोचा सिनेगॉग आणि चित्रकार एल ग्रेकोचं संग्रहालय सरकारी आहेत आणि सोमवारी बंद असतात. रविवारी ते दुपारी तीनलाच बंद होतात. कॅथेड्रल रविवारी पर्यटकांना सकाळी बंद असतं, दुपारी उघडतं. म्हणजे पहिला दिवस रविवार-सोमवार नको आणि दुसरा दिवस रविवार नको. मंगळवार ते शुक्रवार यांतल्या कुठल्याही दिवशी पोचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर निघा, सगळं बसतं.

पैशाची ओढाताण असेल तर उलटं गणित करा. ही दोन्ही सरकारी संग्रहालयं शनिवारी दुपारी दोननंतर आणि रविवारी फुकट असतात. मग गर्दी मात्र सोसावी लागते.

हवामानाचं सांगायचं तर एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो, दगड तापतात आणि चढ संपता संपत नाही. "आम्ही नागपूरचे, आम्हाला काय उन्हाचं" असं म्हणणाऱ्यांनीही दुपारी दोन ते पाच सावली धरावी. हिवाळ्यात थंडी चांगलीच बोचते, बऱ्याच वास्तू तासभर लवकर बंद होतात, पण गल्ल्या रिकाम्या मिळतात.

एक अपवाद आहे. कॉर्पस क्रिस्तीचा सण ईस्टरनंतर साठाव्या दिवशी, म्हणजे मे-जूनमधल्या एका गुरुवारी येतो. मिरवणुकीच्या वाटेवर डोक्यावरून पांढरी कापडं ताणतात, रस्त्यावर थाइम आणि रोझमेरीच्या फांद्या पसरतात, आणि त्या तुडवल्या गेल्या की वास सुटतो. शहर बघायला हा दिवस वाईट, कारण हलायला जागा नसते. पण तोलेदोकरांना पाहायचं असेल तर याच्यासारखा दिवस नाही. त्यासाठी खोली कित्येक महिने आधी धरून ठेवावी लागते.

व्हिसा

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. सुट्ट्यांच्या हंगामात मुंबईत भेटीची वेळ मिळणं हेच खरं अवघड काम, ते आधी करा. निदान ३०,००० युरोंचं वैद्यकीय कवच असलेला विमा हवा. युरोपातले तीन-चार देश एकत्र करत असाल तर ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. बाकी कागदपत्रं नेहमीचीच.

माद्रिदहून तोलेदो

अंतर सुमारे ७० किलोमीटर. अतोचा स्थानकावरून आवांत नावाची वेगवान गाडी अर्ध्या तासाच्या आसपास पोचवते. तिकीट आधीच काढा, सकाळच्या गाड्या भरतात. स्थानकावर सामान तपासणीच्या यंत्रातून जातं, म्हणून वीस-पंचवीस मिनिटं हातात ठेवून जा. गाडी हुकली किंवा तिकीट मिळालं नाही तर प्लासा एलिप्तिका या मेट्रो स्थानकाखालून बस सुटतात. वेळ एक ते दीड तास, भाडं कमी, आणि आधी ठरवायची कटकट नाही.

मोठी सूटकेस नेऊ नका. तोलेदोच्या गल्ल्यांत गोटे बसवलेले आहेत, चढ आहेत, आणि चाकांचा खडखडाट अख्खी गल्ली ऐकते. अतोचाला सामान ठेवायची सोय आहे, तिथे मोठी बॅग टाकून पाठीवरच्या पिशवीत एका रात्रीचे कपडे घ्या. राहायला तटाच्या आतलंच ठिकाण बघा. बाहेर शे-दोनशे रुपये वाचतील, पण संध्याकाळी पाच-सहानंतर बस गेल्या की आतल्या गल्ल्यांत जी शांतता येते ती हुकेल. आणि त्यासाठीच तर रात्र राहायचं.

तोलेदोला उतरल्यावर घाईने बाहेर पडू नका. स्थानकाची इमारत १९१९ ची आहे, मुदेहार शैलीच्या नकलेत बांधलेली: विटांच्या कमानी, रंगीत फरशा, लाकडी छत. मुदेहार म्हणजे ख्रिस्ती राजवटीत राहिलेल्या मुस्लिम कारागिरांची शैली. ती पुढे दोन दिवस सगळीकडे भेटणार आहे, तिची ओळख इथेच करून घ्या. तिथून अल्कांतारा पुलावरून चालत वर सोकोदोवेर चौकात पोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, शेवटचा टप्पा दमवणारा आहे. आई-बाबा बरोबर असतील तर सरळ टॅक्सी किंवा शहर बस धरा. बिसाग्रा वेशीच्या बाजूने वर येणाऱ्यांसाठी टेकडीच्या पोटात सरकते जिने बसवलेत. गुडघेदुखीवाल्यांनी ती वाट विसरू नये.

तिकिटांचा हिशेब

सात वास्तूंसाठी मिळून मनगटावर बांधायचा एक पट्टा मिळतो, पुल्सेरा तुरिस्तिका. त्यात क्रिस्तो दे ला लुसची मशीद, सांता मारिया ला ब्लांका हा सिनेगॉग, सांतो तोमे चर्च, सान हुआन दे लोस रेयेस मठ ही चार आवश्यक ठिकाणं येतात. चारही पाहणार असाल तर पट्टा घ्या, एकच पाहणार असाल तर सुटं तिकीट पुरे. पट्टा हातावर आहे तोवर चालतो, काढला की संपला. म्हणून सैलसर बांधून घ्या, रात्री अंघोळीला कात्री शोधू नका. कॅथेड्रल आणि एल त्रान्सितो यात येत नाहीत, त्यांची तिकिटं वेगळी.

पहिला दिवस, सकाळ: मशीद

क्रिस्तो दे ला लुस बाहेरून इतकी लहान आहे की लोक समोरून निघून जातात. आतली चौकोनी जागा जेमतेम आठ मीटर बाय आठ मीटर. पण तिच्या दर्शनी भिंतीवर, छताच्या खालच्या अंगाला, विटा पुढे-मागे रचूनच अरबी लेख काढला आहे. हिजरी ३९० मध्ये, म्हणजे इसवी सन ९९९-१००० च्या सुमारास, अहमद इब्न हदीदी याने स्वतःच्या खर्चाने ही मशीद बांधवली आणि काम मुसा इब्न अली याने केलं, असं तो सांगतो. बांधणाऱ्याचं नावच भिंतीत विटांनी लिहिलेलं असणं हे भाग्य फार थोड्या इमारतींना लाभतं.

आत गेल्यावर मान वर करा. चार खांबांनी जागेचे नऊ चौक केलेत आणि नऊही चौकांवरच्या घुमटांच्या पट्ट्या वेगवेगळ्या तऱ्हेने एकमेकींत गुंफल्या आहेत. एकही नक्षी दुसरीसारखी नाही. मग खाली खांबांची डोकी बघा: ती व्हिसिगॉथ काळातल्या जुन्या इमारतींतून काढून आणलेली आहेत. १२व्या शतकात याला मागून चर्चचा अर्धगोल भाग जोडला गेला आणि त्यावर ख्रिस्ताचं चित्र आलं. म्हणजे एका छोट्या खोलीत तीन राजवटी. अख्ख्या तोलेदोत मला हीच जागा सर्वांत जास्त आवडते, कॅथेड्रलपेक्षाही.

दंतकथा अशी की शहर जिंकून येणाऱ्या अल्फोन्सोचा घोडा इथे गुडघे टेकून बसला, भिंत फोडली तर आत क्रूसासमोर दिवा तेवत होता. त्या जागी म्हणून रस्त्यात एक पांढरा दगड बसवला आहे. नावातला 'प्रकाश' तिथून आला म्हणतात.

तिथून सान रोमान चर्चकडे या. आता तिथे व्हिसिगॉथ संस्कृतीचं संग्रहालय आहे. वस्तू पाहण्यापेक्षा भिंती पाहा: नालाच्या आकाराच्या कमानींवर लाल-पांढऱ्या पट्ट्या, खिडक्यांभोवती अरबी अक्षरांसारखी नक्षी, आणि मधे ख्रिस्ती संतांची चित्रं. काम चर्चचं, पण हात आणि डोळा मुस्लिम शेजाऱ्यांचा.

जेवण

दुपारचं जेवण इथे दोनला सुरू होतं, रात्रीचं नऊला. साडेबाराला भूक लागली तर बारमध्ये काहीतरी तोंडात टाका. मांस खाणाऱ्यांना कार्कामुसास हा टोमॅटो-मटारातला डुकराच्या मांसाचा रस्सा आणि तितराचे पदार्थ ही इथली ओळख.

शाकाहाऱ्यांनी एक धडा पाठ करावा: भाजी म्हणून आलेल्या ताटलीत हामोन, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, असू शकतात, आणि वेटरच्या लेखी ती भाजीच असते. "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो" (मांस नको, हामोन नको, मासे नकोत) हे तिन्ही म्हणा. पिस्तो मांचेगो म्हणजे टोमॅटो, ढोबळी मिरची, झुकिनी वगैरे शिजवून केलेली भाजी. ती पावाबरोबर छान लागते, फक्त वर अंडं फोडून देतात, नको असेल तर "सिन उएवो". पातातास ब्रावास म्हणजे तळलेल्या बटाट्यावर तिखटसर सॉस. 'तिखट' त्यांच्या हिशेबाने. तोर्तियामध्ये अंडी असतातच. मांचेगो चीज मेंढीच्या दुधाचं, आणि ते बहुधा प्राणिज विरजणाने घट्ट करतात. हे ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं.

पहिला दिवस, दुपार: ज्यू वस्ती

बारा ते तीन या वेळात सांतो तोमेच्या आसपास फिरकू नका, सगळ्या सहली तिथेच असतात. साधारण चारला निघा.

आधी सांता मारिया ला ब्लांका. १२व्या-१३व्या शतकातला सिनेगॉग, आणि आत शिरताच मशिदीत आल्यासारखं वाटतं: पांढरेशुभ्र अष्टकोनी खांब, त्यांवर नालाकार कमानींच्या रांगा, खांबांच्या डोक्यांवर पाइनच्या फळांची नक्षी. १५व्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं चर्च केलं गेलं आणि पवित्र मारियेचं नाव मिळालं. ज्यूंची प्रार्थनाशाळा, मुस्लिम धाटणीचं बांधकाम, ख्रिस्ती नाव. पंधरा मिनिटांत पाहून होतं, पण बसायला जागा मिळाली तर बसा.

एल त्रान्सितो मात्र तासभर मागतो. राजा पेद्रोचा खजिनदार सामुएल हा-लेवी याने १४व्या शतकाच्या मध्यात हा खासगी सिनेगॉग बांधला. बाहेर साधी भिंत, आत एक उंच दालन. भिंतींवर गिलाव्यात कोरलेली वेलबुट्टी, तिच्यात हिब्रू भाषेतली स्तोत्रं आणि त्यांच्याच सोबतीने अरबी अक्षरं. वर लाकडी छत. एका बाजूला उंचावर बायकांचं सज्जावजा दालन आहे, तिथे चढून जा, नक्षी डोळ्यांच्या पातळीवर येते. एवढं वैभव उभं करणाऱ्या सामुएलला पुढे त्याच राजाने कैद केलं आणि छळात तो मेला. जोडून असलेल्या संग्रहालयात स्पेनच्या ज्यूंचा, म्हणजे सेफार्दींचा, पुढचा प्रवास मांडला आहे.

मग सांतो तोमे. तिथे पाहायचं एकच चित्र: एल ग्रेकोने १५८६ ते १५८८ मध्ये रंगवलेलं 'ओर्गासच्या उमरावाचं दफन'. क्रीटहून आलेला हा चित्रकार १५७७ च्या सुमारास तोलेदोत आला आणि १६१४ मध्ये इथेच वारला. खालच्या अर्ध्या भागात काळ्या कपड्यांतले, पांढऱ्या चुणीदार गळपट्ट्यांचे तोलेदोचे प्रतिष्ठित लोक उभे आहेत, वरच्या अर्ध्यात स्वर्ग उघडलेला. डावीकडे खाली एक पोरगा बोट दाखवतोय, तो चित्रकाराचा मुलगा. त्याच्या खिशातल्या रुमालावर चित्रकाराची सही आणि १५७८, मुलाचं जन्मवर्ष, लिहिलेलं आहे. फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे लोक खरोखर चित्राकडे बघतात. बरंच आहे ते.

वेळ उरला तर सान हुआन दे लोस रेयेस. बाहेरच्या भिंतीवर लोखंडी साखळ्या लटकतात: ग्रानादा या स्पेनमधल्या शेवटच्या मुस्लिम राज्यावरच्या मोहिमेत सोडवलेल्या ख्रिस्ती कैद्यांच्या बेड्या, विजयाची खूण म्हणून टांगलेल्या. सिनेगॉग पाहून लगेच या भिंतीसमोर आलं की १४९२ चं वारं कसं होतं ते कळतं.

सूर्यास्ताच्या तासभर आधी नदीपलीकडच्या मिरादोर देल वाये या जागी बसने किंवा टॅक्सीने जा. अख्खं शहर समोर येतं. हीच ताहो पुढे पोर्तुगालमध्ये लिस्बनला समुद्राला मिळते. गोव्याला येणारी पोर्तुगीज जहाजं तिच्याच मुखातून सुटत.

रात्रीच्या गल्ल्या

नकाशा खिशात ठेवा. उंच भिंतींमध्ये मोबाइलचा ठिपका तसाही भरकटतो. चढ लागला तर चौक किंवा कॅथेड्रल, उतार लागला तर नदी, एवढं पुरतं. याच गल्ल्यांत १२व्या शतकात क्रेमोनाचा जेरार्ड अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणत बसला होता. टॉलेमीचा खगोलावरचा ग्रंथ त्याने ११७५ मध्ये पुरा केला. पुढे याच शहरात जन्मलेल्या दहाव्या अल्फोन्सोने, राजा होण्याआधी, 'कलीला आणि दिम्ना' अरबीतून कॅस्टिलियनमध्ये करवून घेतलं, ते साल १२५१ धरतात. करटक आणि दमनक म्हटलं की आपल्याला ओळख पटते: पंचतंत्रच ते, पहलवी आणि अरबी असा प्रवास करून स्पेनला पोचलेलं.

दुसरा दिवस: कॅथेड्रल

सकाळी लवकर उठायची तयारी असेल तर आतल्या मोसाराबे चॅपलमधल्या मिस्सेला जा. मुस्लिम राजवटीतल्या ख्रिस्ती लोकांनी जपलेली, रोमन पद्धतीहून वेगळी अशी ही उपासनापद्धत कार्डिनल सिस्नेरोसने १५०० च्या सुमारास इथे चॅपल देऊन टिकवली. ती अजून चालू आहे. मिस्सेची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. तिथे पर्यटक म्हणून नाही, मागच्या बाकावर गप्प बसणारा पाहुणा म्हणून जायचं. खांदे झाकलेले, टोपी काढलेली, फोन बंद.

एरवी दाराशी उघडायच्या वेळेला हजर राहा. तिकीट दारात मिळत नाही, प्रवेशाच्या समोरच्या दुकानात मिळतं. इमारतीचं काम १२२६ मध्ये सुरू झालं आणि १४९३ मध्ये संपलं. त्याआधी इथे शहराची मोठी मशीद होती. ती मुस्लिमांकडेच राहील असं सहाव्या अल्फोन्सोने वचन दिलं होतं. तो बाहेर असताना राणी आणि आर्चबिशप यांनी रातोरात ती ताब्यात घेतली. राजा संतापून परतला, तेव्हा मुस्लिमांच्याच एका धर्मशास्त्र्याने मध्यस्थी करून रक्तपात टाळला अशी कथा आहे. मुख्य वेदीच्या दालनात त्या फकिहाचा पुतळा आहे. शोधा, गाइड क्वचितच दाखवतात.

आत बघण्यासारखं इतकं आहे की निवड करावी लागते. माझी निवड अशी. गायकवृंदाच्या खालच्या आसनांवर रोद्रिगो आलेमानने कोरलेले ग्रानादाच्या युद्धाचे ५४ देखावे: ते वाकून बघायचे. वेदीमागचं ट्रान्सपारेंते: १८व्या शतकात नार्सिसो तोमेने जुन्या गॉथिक छताला भोक पाडून उजेड आत घेतला आणि त्याभोवती संगमरवर, कांसं, देवदूत यांचा गोंगाट उभा केला. काहींना तो असह्य वाटतो. मला तो खुळेपणा आवडतो. बाहेर ऊन असताना बघा. छतातून काही ठिकाणी लाल टोप्या लोंबताना दिसतील. तिथे खाली एकेक कार्डिनल पुरलेला आहे, आणि टोपी आपोआप गळून पडेपर्यंत तशीच राहू देतात. खजिन्याच्या दालनात एन्रिके दे आर्फेने १५१५ ते १५२३ मध्ये घडवलेली सोन्या-चांदीची कुस्तोदिया, म्हणजे पवित्र भाकर मिरवायचं मनोऱ्यासारखं पात्र, आहे, कॉर्पस क्रिस्तीला तीच मिरवतात. आणि सॅक्रिस्टीत, म्हणजे पाद्र्यांच्या तयारीच्या दालनात, एल ग्रेकोचं 'एल एस्पोलियो', लालभडक झग्यातला ख्रिस्त. या एका चित्रासाठी पाय दुखत असले तरी तिथवर जा.

कॅथेड्रलला अडीच तास धरा. मनोऱ्यावर चढायचं असेल तर त्याची वेगळी वेळ घ्यावी लागते.

परतताना

घरी न्यायला मासापान घ्या, बदाम आणि साखरेची मिठाई. तोलेदोच्या नावाने विकायची तर तिच्यात निम्मे तरी बदाम असावे लागतात. गोव्यात नाताळात काजूचं मार्झिपान होतं त्याचीच ही बदामी नातेवाईक. वरून चकाकीसाठी अंडं लावतात, हे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. दुकानांपेक्षा मठातून घेण्यात मजा आहे. काही मठांत नन समोर येत नाहीत. भिंतीत बसवलेल्या फिरत्या लाकडी कप्प्यात तुम्ही पैसे ठेवता, कप्पा फिरतो, मिठाईचा डबा येतो. सुटे पैसे बरोबर ठेवा.

तलवारी आणि काळ्या पोलादावर सोन्याच्या तारेचं काम केलेल्या वस्तू जागोजागी दिसतील. मशीनवर छापलेला स्वस्त माल बराच आहे, हाताने काम करणारा कारागीर दुकानातच बसलेला दिसला तर तिथून घ्या. धारदार वस्तू विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही. आणि माद्रिदच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच बघून ठेवा, रात्री उशिरापर्यंत गाड्या नसतात.